तमिळ अक्षरांचे लसीकरण कार्ड

जून २०१८ मध्ये आमच्या जिल्हा परिषद शाळेत दुसरीच्या वर्गात एक मुलगा नव्याने दाखल झाला. त्याच्या आजीने शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीतून एक कार्ड काढून माझ्या टेबलावर ठेवले. घड्यांवर झिजून ते फाटण्याच्या बेतात आले होते आणि त्यावरचा मजकूर तमिळ लिपीत होता. माण, खटाव, आटपाडी, खानापूर या दुष्काळी पट्ट्यात याचे कोणाला नवल वाटत नाही, कारण सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या गलाई व्यवसायासाठी इथली माणसे पिढ्यानपिढ्या देशभर पांगलेली आहेत आणि दिवाळीत किंवा यात्रेला गावी आलेली त्यांची मुले आपसांत कधी तमिळ, कधी मल्याळम, कधी बंगाली बोलताना ऐकू येतात. या मुलाचे वडील कोइमतूरला गलाईच्या दुकानात होते, आई धाकट्या मुलीसह तिथेच होती, आणि पहिली तिथल्या शाळेत करून मुलाला मराठी शिकण्यासाठी आजीकडे ठेवले होते. ते कार्ड त्याच्या लसीकरणाचे होते. मला त्यावरच्या तारखांपलीकडे काही कळले नाही. ‘जपून ठेवा, आज्जी’ असे म्हणून मी ते परत दिले.

त्याच वर्षी २७ नोव्हेंबरपासून महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. नऊ महिने पूर्ण झालेल्या बाळापासून पंधरा वर्षांच्या आतील प्रत्येक मुलाला, त्याने आधी गोवराची लस घेतलेली असो वा नसो, एक डोस द्यायचा होता आणि सुरुवात शाळांपासून होणार होती. आम्ही पालकसभा घेतली, वर्गवार याद्या केल्या, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या ‘या इंजेक्शनाने मुले बेशुद्ध पडतात, पुढे मूलबाळ होत नाही’ अशा निरोपांना उत्तरे देत बसलो. एका पालकाने तर मला ‘मॅडम, तुमच्या पोरीला आधी टोचा, मग आमच्या पोरांना’ असे भर सभेत सुनावले. माझी मुलगी तेव्हा सातवीत, तालुक्याच्या गावी शिकत होती आणि तिच्या शाळेत लसीकरण होऊन गेले होते, म्हणून मी दुसऱ्या दिवशी तिच्या अंगठ्याचा फोटो पालकांना दाखवला. त्याचा उपयोग सरकारी पत्रकापेक्षा अधिक झाला असे माझे मत आहे.

लसीकरणाच्या दिवशी तीन खोल्या रिकाम्या करून घेतल्या होत्या. पहिलीत मुलांनी थांबायचे, दुसरीत टोचायचे, तिसरीत टोचल्यानंतर अर्धा तास बसायचे. उपकेंद्राच्या सिस्टर निळी लसपेटी घेऊन आल्या, तिच्यात चारही बाजूंनी बर्फाच्या पट्ट्या होत्या. लस पावडरीच्या रूपात असते. तिच्यात द्रव मिसळून झाल्यावर सिस्टरांनी कुपीवर पेनाने वेळ लिहिली, १०.४०, आणि सांगितले की २.४० नंतर या कुपीत थेंबभर जरी लस उरली तरी ती कोणाला द्यायची नाही. प्रत्येक मुलासाठी नवी सुई-सिरिंज फोडायची, उजव्या दंडात अर्धा मिली टोचायचे, मग डाव्या अंगठ्याच्या नखावर मार्करने काळी खूण करायची आणि यादीत नावापुढे बरोबरची खूण. ही कामे इतक्या ठरलेल्या क्रमाने चालली होती की इयत्ता तिसरीतील एक मुलगी घाबरून भोवळ येऊन पडली तेव्हासुद्धा गडबड उडाली नाही. डॉक्टरांनी तिला आडवे केले, पाय उंच ठेवले, आणि दहा मिनिटांत ती उठून मैत्रिणींना काळे नख दाखवू लागली.

पटावरच्या ८६ मुलांपैकी तीन मुले त्या दिवशी राहिली. सिस्टरांनी ती नावे यादीच्या पाठीमागे वेगळी लिहून घेतली आणि वर शब्द लिहिला, ‘सुटलेली’. तिसऱ्या दिवशी त्या आशाताईंना घेऊन पुन्हा आल्या. तिघांपैकी एक आमचा हा मुलगा होता, म्हणून मीही त्यांच्याबरोबर त्याच्या घरी गेले.

आजीने त्याला मुद्दाम घरी ठेवले होते. ‘आवं बाई, तिकडं शाळंत टोचलंय की त्येला. अंगठ्याला काळं बी लावलं हुतं. आता आनि कशापायी?’ आजीचे म्हणणे चुकीचे नव्हते. तमिळनाडू, कर्नाटक आणि गोवा या राज्यांत हीच मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली होती आणि तेव्हा हा मुलगा कोइमतूरला होता. सिस्टरांनी तिला समजावले की जादा डोसाने काही बिघडत नाही, पण सुटलेल्या एका मुलामुळे घरातल्या तान्ह्याला गोवर होऊ शकतो. आजीने मग पिशवीतून तेच कार्ड काढले. सिस्टरांनी तारखांवरून आणि इंग्रजी आद्याक्षरांवरून बहुतेक लसी ओळखल्या, पण एका नोंदीशी त्या अडल्या. त्यांनी कार्ड मुलाच्या हातात दिले. ‘तू तिकडं शिकलास ना रे? वाच बघू, इथं काय लिहिलंय?’

त्याने कार्ड हातात घेतले, त्या ओळीखाली बोट ठेवले आणि क्षणभर थांबून एक लांबलचक तमिळ वाक्य घडाघडा म्हटले. आम्ही तिघी कौतुकाने हसलो. ‘हुशार आहे की,’ सिस्टर म्हणाल्या. त्या वाक्याचा अर्थ आम्ही त्याला विचारला नाही, आणि त्या एवढ्याशा नोंदीतून एवढे मोठे वाक्य कसे निघाले हेही आमच्यापैकी कोणाच्या मनात आले नाही. त्याला लस दिली, नख रंगवले, यादीच्या पाठीमागच्या तीन नावांपैकी एकावर काट मारली आणि आम्ही पुढच्या घरी गेलो.

वर्गात मात्र तो वाचत नव्हता. बोलण्यात तरबेज होता. दोन महिन्यांत गावची भाषा त्याच्या तोंडी बसली होती, तोंडी हिशेब तर माझ्या आधी करून सांगे, पण फळ्यावरचे दोन अक्षरी शब्द वाचायला उभा केला की ‘घर’चे ‘धर’ होई, ‘भात’चे ‘मात’ होई, आणि वरच्या ओळीत बरोबर वाचलेला शब्द खालच्या ओळीत त्याला अनोळखी वाटे. मला एकदा कोणीतरी सांगितले होते की तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर असते. ते खरेच आहे, आणि त्या खऱ्या माहितीनेच माझी दिशाभूल केली. मुलगा तमिळमधून आला आहे, म्हणून मराठी अक्षरांत गोंधळतो, वर्षभरात सुधारेल, असे मी स्वतःला, मुख्याध्यापकांना आणि त्याच्या आजीला सांगत राहिले. वर्गात त्याचे नाव ‘मद्राशी’ पडले होते. मी मुलांना त्याबद्दल रागावले खरे, पण मनातून माझेही निदान तेच होते. दुसरीच्या प्रगतिपुस्तकावर माझ्या अक्षरात आजही आहे: ‘हुशार आहे, वाचनाकडे लक्ष द्यावे.’ त्या वाक्यातला ‘लक्ष द्यावे’ हा उपदेश कोणाला होता, हे मला आता सांगता येणार नाही.

आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचे नाही असा तेव्हा नियम होता, त्यामुळे तो तिसरीत गेला. अध्ययनस्तराच्या तक्त्यात मी त्याला ‘अक्षर’ या रकान्यात टाकले. हा तक्ता केंद्रावर जातो, तिथून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला. प्रत्येक ठिकाणी त्याची बेरीज होते. अक्षर स्तरावर किती मुले, शब्द स्तरावर किती, परिच्छेद वाचणारी किती. मागितला जातो तो आकडा. कुणी नाव विचारत नाही. सिस्टरांनी ‘सुटलेली’ म्हणून लिहिलेल्या नावांसाठी माणूस गावाच्या टोकापर्यंत चालत आला होता, हे मला तेव्हा आठवायला हवे होते. आठवले नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वार्षिक तपासणीसाठी आले. हा कार्यक्रम सुरू झाला तोच आमच्या महाराष्ट्रात, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे. अंगणवाडीची तपासणी वर्षातून दोनदा आणि शाळेची एकदा, पथकात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका, असा त्याचा साचा आहे. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतील विलंब अशा चार गटांतील तीस बाबी त्यांनी पाहायच्या असतात. पथक चांगले होते. मुलांशी हसून बोलत होते आणि त्यांनी पाचवीतील एका मुलीच्या हृदयातील आवाज स्टेथोस्कोपने नेमका टिपला, ज्यामुळे तिची शस्त्रक्रिया पुढे मोफत झाली. त्यांच्यावर माझी तक्रार नाही. पण ८० हून अधिक मुले आणि तीन तास, म्हणजे एका मुलाच्या वाट्याला दोन मिनिटे येतात. त्या दोन मिनिटांत वजन, उंची, डोळे, दात, कान, त्वचा, नखांचा फिकेपणा एवढे पाहून होते. या मुलाने भिंतीवरच्या तक्त्यातील चिन्हे शेवटच्या ओळीपर्यंत बिनचूक ओळखली. त्याच्या कार्डावर शेरा पडला, ‘निरंक’.

तीस बाबींच्या त्या यादीत अध्ययनविकार ही बाबसुद्धा आहे, हे मला नंतर कळले. दोन मिनिटांत ती कोणाला दिसणार नाही, पण वर्गशिक्षकाने ‘हा मुलगा बोलतो तसा वाचत नाही’ एवढे एक वाक्य सांगितले असते तर पथकाला त्या रकान्यात खूण करता आली असती. ते वाक्य माझ्याजवळ होते आणि मी ते सांगितले नाही. आरोग्य तपासणीत वाचनाचे काय सांगायचे, असेच मला वाटले होते. आपल्याकडे जंताची गोळी, लोहाची गुलाबी गोळी, डोळे, दात हे सगळे ‘आरोग्याचे’ असते, आणि वाचता न येणे हे ‘अभ्यासाचे’.

ऑक्टोबरात गटसाधन केंद्राच्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षिका एका कर्णबधिर मुलीसाठी शाळेत आल्या होत्या. मधल्या सुट्टीत चहा घेताना मी सहज या मुलाचा विषय काढला आणि तमिळचे माझे स्पष्टीकरणही दिले. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारले, ‘तो नेमका कुठे चुकतो?’ मी घ-ध आणि भ-म सांगितले. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, तो क आणि ग मध्ये चुकला असता तर तमिळचं म्हणता आलं असतं. हा तर वेगळ्याच जोड्यांत चुकतोय.’ मग त्यांनी मुलाला बोलावले. पुस्तक उघडले नाही. ‘कागद म्हण,’ त्या म्हणाल्या. तो म्हणाला. ‘आता त्यातला का काढून टाक. काय राहिलं?’ तो गप्प. ‘कमळमधला ळ काढ.’ तो गप्प. मग बराच वेळ विचार करून म्हणाला, ‘फूल.’ वर्गातील इतर चार मुलांना बोलावून तोच प्रश्न विचारला, तेव्हा त्यातल्या सर्वांत मागे असलेल्या मुलीनेसुद्धा ‘कम’ असे लगेच सांगितले. शब्द कशाकशाचा बनला आहे हे कानाला सुटे करता येत नसेल तर अक्षराला आवाज चिकटणार कुठे, असे त्यांनी मला समजावले. अक्षरांच्या आकारांतला गोंधळ हा वरचा भाग असतो आणि अडचण बहुतेक वेळा आवाजाच्या बाजूला असते, हे मी डी.एड. करूनही तोपर्यंत ऐकले नव्हते.

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. ‘त्याला तमिळ तरी वाचता येत होतं का?’

‘येत होतं की,’ असे म्हणायला मी तोंड उघडले, आणि आजीचे अंगण, ते कार्ड आणि ते घडाघडा म्हटलेले वाक्य माझ्या डोळ्यांपुढे आले.

दिवाळीत वडील गावी आले तेव्हा मी त्यांच्याकडे गेले आणि ते कार्ड मुलाला त्यांच्यासमोर वाचायला सांगितले. दुसऱ्या अक्षराशी तो थांबला. वडील काही वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, ‘तिथल्या टीचरपण हेच म्हणायच्या. आम्हाला वाटलं, घरात मराठी बोलतो म्हणून त्याला तमिळ येत नाही.’ दोन राज्यांतील दोन शाळांनी एकाच मुलाची अडचण एकमेकींच्या भाषेवर ढकलून दिली होती.

त्यानंतरची वाट कागदपत्रांची होती. विशेष शिक्षिकांनी माझ्याकडून एक निरीक्षण तक्ता भरून घेतला. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ नावाची चाचणीमाला भारतीय भाषांसाठी तयार केली, तिच्यात मराठीचाही समावेश आहे आणि शिक्षकांनी वर्गात भरायचा तक्ता हा तिचा पहिला टप्पा असतो. त्यात अंकगणित, लेखन, वाचन, सूचना लक्षात राहणे याविषयी साधी वाक्ये असतात आणि ‘कधी नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत उत्तर निवडायचे असते. तो भरायला मला एक संध्याकाळ लागली, कारण प्रत्येक वाक्यापाशी त्याचा एखादा प्रसंग आठवे आणि त्या वेळी मी काय म्हटले होते तेही आठवे. डोळे आणि कान पुन्हा नीट तपासून घेतले, कारण ते दोन्ही निर्दोष असल्याखेरीज पुढचे निदान करता येत नाही. कानात मळ होता, तो काढला. वाचनात त्याने फरक पडला नाही.

खरी अडचण घरी आली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांपैकी एक आहे. तपासणीच्या चिठ्ठीवर तो शब्द होता. आजीला वाचता येत नव्हते, पण शेजारच्या मुलाने तिला तो वाचून दाखवला. ‘माजं प्वार येडं न्हाई,’ ती शाळेच्या फाटकाशी येऊन म्हणाली आणि आत यायला तयार होईना. तिला मी काय सांगावे हे मला सुचत नव्हते. शेवटी मी त्यालाच बोलावून वाण्याच्या दुकानातला हिशेब विचारला: साडेतीन किलो ज्वारी, किलोला अठ्ठावीस रुपये, दोनशेची नोट दिली तर परत किती. त्याने बोटेही न मोजता ‘एकशे दोन’ सांगितले. आजी म्हणाली, ‘मंग?’ मी म्हटले, ‘मग हेच लिहून घ्यायला जायचं आहे, आज्जी. की पोरगं वेडं नाही, आणि तरी त्याला वाचता येत नाही.’ तिने वडिलांना फोन लावायला सांगितला.

फेब्रुवारी २०२० मध्ये मी, आजी आणि तो असे तिघे पहाटेच्या एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. तिथल्या तपासणी केंद्रात बालरोगतज्ज्ञांनी तपासले, पण मानसशास्त्रज्ञाचे पद रिकामे असल्याने बुद्ध्यांकाची आणि वाचन-लेखनाची चाचणी होऊ शकली नाही. शेजारच्या जिल्ह्यातील रुग्णालयाची चिठ्ठी आणि २६ मार्च ही तारीख मिळाली. २६ मार्चला काय परिस्थिती होती ते सर्वांना ठाऊक आहे.

निदानाचा कागद नसला तरी उपाय थांबवायचा नाही, असे विशेष शिक्षिकांनी आधीच बजावले होते, आणि त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. त्यांनी सांगितलेला नियम असा होता: रोज वीस मिनिटे, एकट्याला, आणि पहिले सहा आठवडे पाठ्यपुस्तक उघडायचे नाही. त्या वीस मिनिटांत आम्ही शब्द फोडत असू. ‘बादली’तला ‘बा’ काढ, ‘पाटी’तल्या ‘पा’च्या जागी ‘का’ घाल. टाळ्या वाजवून तुकडे मोजायचे, चिंचोके मांडून तुकडे मोजायचे. नंतर एका वेळी दोनच अक्षरे, ताटात ज्वारीचे पीठ पसरून बोटाने मोठी काढायची आणि काढताना आवाज म्हणायचा. घ आणि ध कधीही एकत्र शिकवायचे नाहीत. घ पक्का झाल्यावर किमान दोन आठवड्यांनी ध घ्यायचा. शाळांमध्ये वर्षानुवर्षे नेमके उलटे केले जाते, ‘फरक कळावा’ म्हणून सारखी दिसणारी अक्षरे शेजारी शेजारी ठेवली जातात, आणि मीही तेच करत आले होते.

जुलै २०२० पासून मी तोंडाला रुमाल बांधून आठवड्यातून तीन दिवस त्याच्या अंगणात जाऊ लागले. इतर मुलेही येऊन अंतर ठेवून बसत, पण शेवटची वीस मिनिटे त्याची असत. कॅलेंडरच्या पुठ्ठ्याला मी बोटभर रुंदीची खिडकी पाडली होती. ती ओळीवर ठेवली की एका वेळी एकच अक्षर दिसे आणि ती सरकवायचे काम त्याचे असे. सुरुवातीला तो प्रत्येक अक्षराशी थांबून माझ्या तोंडाकडे पाही, कारण आजवर त्याने माणसांची तोंडे वाचूनच वेळ मारून नेली होती. मी तोंडावरचा रुमाल आणखी वर ओढून घेई. ही सक्तीची पट्टी मला त्या एका कामी उपयोगी पडली. नोव्हेंबरच्या सुमारास एके दिवशी खिडकी सरकवताना त्याने ‘मा’ म्हटले, ‘ठ’ म्हटले, मग खिडकी मागे नेली, पुन्हा दोन्ही अक्षरांवरून फिरवली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, ‘माठ.’ समोरच माठ होता. त्याने एकदा त्याकडे पाहिले आणि खिडकी पुढच्या शब्दावर नेली.

प्रगती सरळ रेषेत झाली नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात आजी आजारी पडली, तो दोन महिने कोइमतूरला गेला आणि परत आला तेव्हा काना-मात्रा पुन्हा विसरला होता. वेलांट्यांशी आम्ही तीन महिने झगडलो. जोडाक्षरे आली तेव्हा मला प्रथमच जाणवले की आपल्या भाषेत एका ‘र’ला किती रूपे आहेत: ‘प्रकाश’मध्ये तो पायाशी तिरका असतो, ‘ट्रक’मध्ये खाली टोपीसारखा, ‘सूर्य’मध्ये डोक्यावर बसतो आणि तोही उच्चारल्या जागेच्या पुढच्या अक्षरावर. ज्याला अक्षरे डावीकडून उजवीकडे एकेक करून जोडायची एवढीच युक्ती कशीबशी साधली आहे, त्याला रफार म्हणजे नियम मोडून बसलेले चिन्ह वाटते. तो ‘सूर्य’ला ‘सूय’ म्हणे, अडल्याचे त्याला कळे, पण काय राहिले ते कळत नसे.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागातील पाचवीपासूनचे वर्ग पुन्हा भरले. तोवर तो पाचवीत आला होता. शेजारच्या जिल्ह्यातील रुग्णालयात जानेवारी आणि फेब्रुवारीत मिळून तीन खेपा झाल्या. एका खेपेला आमची फाइल सापडली नाही आणि सगळे कागद पुन्हा झेरॉक्स करून द्यावे लागले, म्हणून यापुढे मूळ कागद हातातून सोडायचा नाही असे मी आजीला सांगून ठेवले. तिने सगळे कागद तमिळ कार्डाच्याच पिशवीत घातले. बुद्ध्यांक सरासरीपेक्षा वर निघाला आणि वाचन दुसरीच्या पातळीचे. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राने परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळण्याची सोय होते. त्याला लेखनिक नको होता. जादा वेळ मात्र त्याने मागून घेतला.

प्रमाणपत्र आल्यानंतर पंधरा दिवसांनी सिस्टर पाचवीच्या मुलांसाठी टीडीची लस घेऊन येणार होत्या. पूर्वी दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वाताची टीटी देत असत, आता तिच्या जागी धनुर्वात आणि घटसर्प या दोन्ही रोगांवरील टीडी देतात. आदल्या दिवशी पालकांसाठीची सूचना फळ्यावर लिहून मुलांकडून वहीत उतरवून घेण्याची आमची पद्धत आहे. मी सूचना लिहिली आणि मागे वळले, तर तो पहिल्या बाकावरून उठून फळ्याजवळ आला होता. त्याचे बोट ओळीखाली होते. ‘धनुवात,’ त्याने वाचले आणि थांबला. वर्ग हसेल अशी मला धास्ती वाटली, पण मुले लिहिण्यात गुंतली होती. त्याने बोट मागे नेले, ‘नु’वर टेकवले, मग वर ‘वा’च्या डोक्यावरच्या त्या आकड्याला लावले आणि तिथून पुन्हा खाली आणले. ‘धनु-र-वात.’ मग पुढचा शब्द. ‘घटस…’ आणि या वेळी बोट मागे न नेता, ‘र्प.’ घटसर्प हा कसला रोग असतो, असे त्याने विचारले. मी सांगितले. घशात पडदा धरतो, श्वास अडतो, पूर्वी त्याने मुले जात. ‘साप न्हाई व्हय मग,’ असे म्हणून तो जागेवर जाऊन बसला आणि सर्वांच्या नंतर, पण पूर्ण, सूचना लिहून घेतली.

२०२३ मध्ये माझी दुसऱ्या तालुक्यात बदली झाली. जाण्यापूर्वी नव्या वर्गशिक्षकांकडे पुठ्ठ्याची खिडकी, डालीच्या तक्त्याची प्रत आणि कोणत्या जोडाक्षरापर्यंत आलो आहोत त्याची नोंद दिली. त्यांनी ती वाचली आणि प्रश्न विचारले, हे मला बरे वाटले. त्याची पुढची टीडी सोळाव्या वर्षी आहे. तिची मला चिंता नाही, कारण तो ज्या शाळेत असेल तिथे कोणीतरी यादी घेऊन येईल आणि तो सुटला तर त्याला शोधत येईल. अध्ययन अक्षमतेची फेरतपासणी चौदाव्या वर्षी करायची असे त्याच्या प्रमाणपत्रावर लिहिलेले आहे. ती तारीख कोणत्याही यादीत नाही, म्हणून मी ती माझ्या डायरीत लिहून ठेवली आहे: ऑक्टोबर २०२५. कोइमतूरच्या नंबरवर गेल्या आठवड्यात फोन केला तेव्हा वडिलांनी दिवाळीला येतो असे सांगितले. मी म्हटले, येताना सुट्टी चार दिवस जास्त टाका, आणि आज्जींना ती पिशवी काढून ठेवायला सांगा.